पंडिता रमाबाई: बाप्तिस्मा १८८३ मध्ये, पण येशूच्या रक्ताचा अर्थ उमगायला ८ वर्षं का लागली?

पुणे-नगर रस्त्यावर पारनेर तालुक्यातलं सुपा लागतं. तिथून नगरच्या दिशेने गेलं की शहराच्या तोंडाशी केडगाव येतं. उलट दिशेने गेलं, शिरूरला घोड नदी ओलांडली आणि डावीकडे न्हावऱ्याच्या रस्त्याने चौफुल्यापर्यंत पोहोचलं, की तिथेही केडगाव आहे. हे दौंड तालुक्यातलं. (सुपेसुद्धा दोन आहेत, दुसरं बारामतीकडचं. त्यामुळे गोंधळ होणं साहजिक आहे.)

दौंडच्या केडगावात पंडिता रमाबाईंचं 'मुक्ती मिशन' आहे. शाळेच्या पुस्तकात रमाबाई भेटतात त्या समाजसुधारक म्हणून. विधवांसाठी शाळा काढली, दुष्काळातल्या मुली वाचवल्या, संस्कृतच्या मोठ्या विदुषी होत्या, इतकं बहुतेकांना ठाऊक असतं. त्या ख्रिस्ती झाल्या हेही माहीत असतं. पण ख्रिस्ती झाल्यावर पुढची जवळपास ८ वर्षं त्या धर्माच्या अगदी गाभ्यातली एक गोष्ट त्यांना पटत नव्हती किंवा नीट कळत नव्हती, हे फारसं सांगितलं जात नाही.

ती गोष्ट म्हणजे येशूचं रक्त. दोन हजार वर्षांपूर्वी जेरुसलेमच्या वेशीबाहेर एका माणसाला वधस्तंभावर मारलं गेलं, त्याचं रक्त सांडलं आणि त्यामुळे जगातल्या माणसांच्या पापांची क्षमा झाली, असं ख्रिस्ती श्रद्धा सांगते. नगर जिल्ह्यात अमेरिकन मराठी मिशनचं काम १८३१ पासूनचं. गावोगावच्या चर्चमध्ये गुड फ्रायडेला याच घटनेची आठवण केली जाते. पण एकाच्या रक्ताने दुसऱ्याचं पाप कसं धुतलं जाईल, हा प्रश्न कुणालाही पडू शकतो. रमाबाईंनाही तो पडला होता.

उपास, दानं आणि रिकामी झोळी

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा, पश्चिम घाटातल्या गंगामूळच्या जंगलात. हा भाग आज कर्नाटकात येतो. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे पंडित. बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून त्यांना धर्माच्या जाणकारांपुढे जाब द्यावा लागला होता. पुढे रमाबाईंना आई लक्ष्मीबाईंनीच शिकवलं.

रमाबाई लहान असतानाच कुटुंब तीर्थयात्रेला बाहेर पडलं आणि वर्षानुवर्षं फिरतच राहिलं. देवळात बसून पुराण सांगायचं, मिळेल त्या दक्षिणेवर राहायचं. हाती आलेलं बरंचसं पुन्हा दानधर्मात जायचं. स्नानं, उपास, व्रतं, जप, प्रदक्षिणा यांचं पुण्य साठत जातं आणि देव प्रसन्न होतो, यावर घरातल्या सगळ्यांची निष्ठा होती. ते ढोंग अजिबात नव्हतं, त्यांनी खरोखर स्वतःला झिजवलं.

मग १८७० च्या दशकात दक्षिणेत दुष्काळ पडला. जवळचं सगळं संपलं. भांडीकुंडी विकून झाली. शारीरिक काम करायची सवय नाही आणि भीक मागायची लाज, अशा अवस्थेत हे कुटुंब देवाचा धावा करत राहिलं, शेवटी रानातला पाला खाऊन दिवस काढले. वृद्ध अनंतशास्त्रींची दृष्टी गेली होती. पवित्र तीर्थात जलसमाधी घ्यायची, असं त्यांनी ठरवलं. तेव्हा मुलगा श्रीनिवास पुढे आला. आपण मोलमजुरी करू, पण असा जीव देऊ नका, असं त्याने वडिलांना विनवलं. वडिलांनी ऐकलं, पण त्यांचं शरीर आधीच संपलं होतं. काही दिवसांत ते गेले. त्यांच्यामागून थोड्याच काळात आई गेली आणि मग मोठी बहीण कृष्णाबाई.

आईच्या अंत्ययात्रेला खांदे देणारे चार जण मिळेनात. महत्प्रयासाने दोन ब्राह्मण आले, तिसरा श्रीनिवास, चौथ्या रमाबाई. उंची कमी असल्याने तिरडी खांद्यावर पेलेना, म्हणून त्यांनी ती डोक्यावर घेतली. स्मशान काही मैल दूर होतं.

रमाबाईंचं पुढचं धार्मिक आयुष्य समजून घ्यायचं तर हा प्रसंग लक्षात ठेवावा लागतो. देवाला द्यायचं ते सगळं देऊन झालं होतं, शेवटी जीवही देऊ केला होता, तरी हिशेब पुरा झाला नव्हता.

कलकत्ता ते पुणे

इथून पुढचा प्रवास झपाट्याचा आहे. भाऊ-बहीण पायी फिरत १८७८ मध्ये कलकत्त्याला पोहोचले. तिथल्या विद्वानांनी रमाबाईंची परीक्षा घेऊन त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. १८८० मध्ये श्रीनिवास वारले. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिन बिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी विवाह केला. जातीबाहेरचा. १८८१ मध्ये मनोरमाचा जन्म झाला आणि फेब्रुवारी १८८२ मध्ये बिपिनबाबू कॉलऱ्याने गेले. तेव्हा रमाबाई २३ वर्षांच्या होत्या.

आसामात सिल्चरला असताना नवऱ्याच्या पुस्तकांत त्यांना लूकच्या शुभवर्तमानाची बंगाली प्रत सापडली होती. येशूच्या गोष्टीशी त्यांची पहिली खरी ओळख ती. वैधव्यानंतर त्या पुण्याला आल्या, आर्य महिला समाज काढला, 'स्त्रीधर्मनीति' लिहिलं, हंटर आयोगापुढे साक्ष दिली. १८८३ च्या एप्रिलमध्ये त्या इंग्लंडला निघाल्या. उद्देश होता वैद्यकीय शिक्षणाचा. कानांनी दगा दिल्यामुळे तो बारगळला.

बकरा, कबुतर आणि मूठभर पीठ

रमाबाईंचा प्रश्न कळायचा तर आधी 'रक्त' या शब्दाचा बायबलमधला अर्थ बघावा लागेल.

जुन्या करारातल्या लेवीय पुस्तकात यज्ञबलीचे नियम आहेत. त्यातली मुख्य कल्पना अशी की प्राण्याचा जीव त्याच्या रक्तात असतो. म्हणून रक्त खायचं नाही, ते देवाचं. वेदीवर रक्त वाहणं म्हणजे जीव देवाला अर्पण करणं. वर्षातून एकदा प्रायश्चित्ताच्या दिवशी मुख्य याजक दोन बकरे घ्यायचा. एकाचा बळी दिला जायचा आणि त्याचं रक्त मंदिराच्या सर्वांत आतल्या खोलीत शिंपडलं जायचं. दुसऱ्याच्या डोक्यावर हात ठेवून लोकांची पापं कबूल केली जायची आणि त्याला रानात सोडून दिलं जायचं. आपल्याकडच्या उताऱ्याची आठवण व्हावी असा हा विधी आहे. फरक इतका, की इथे बाधा उतरवायची नसून कबूल केलेला अपराध उतरवायचा आहे.

आणखी एक तपशील सहसा कुणी सांगत नाही. ज्याला मेंढरू परवडत नसेल त्याने दोन कबुतरं आणावीत आणि तेही परवडत नसतील तर थोडं पीठ आणावं, अशी सूट त्याच नियमांत आहे. म्हणजे रक्ताचा इतका आग्रह असूनही गरिबाला दार बंद नव्हतं.

येशूला वल्हांडण सणाच्या दिवसांत मारलं गेलं. मिसर देशातल्या गुलामीतून सुटताना यहुदी लोकांनी कोकराचं रक्त दाराच्या चौकटीला लावलं आणि मृत्यू त्यांची घरं ओलांडून गेला, याची आठवण म्हणून हा सण पाळतात. येशूच्या पहिल्या अनुयायांनी हे सगळे धागे त्याच्या मृत्यूशी जोडले. तोच कोकरा आणि तोच याजक, पुन्हा पुन्हा द्यायच्या बळींची गरज त्याने एकदाच संपवली, अशी मांडणी नव्या करारातल्या इब्री लोकांच्या पत्रात आहे. इसवी सन ७० मध्ये रोमनांनी जेरुसलेमचं मंदिर पाडलं आणि तिथले पशुबळी प्रत्यक्षातही थांबले.

पण हे बलिदान नेमकं काम कसं करतं? यावर ख्रिस्ती विचारवंतांचंही एकमत नाही. सुरुवातीच्या काळात अनेकांनी ती खंडणी मानली, म्हणजे गुलामाला सोडवण्यासाठी मोजलेली किंमत. मराठी बायबलमध्येही 'खंडणी' हाच शब्द आहे. आजच्या बातम्यांमुळे तो कानाला विचित्र लागतो, ते वेगळं. अकराव्या शतकाच्या शेवटी अ‍ॅन्सेल्म यांनी मांडलं की पापामुळे देवाचा मान भंग पावला, त्याची भरपाई माणसाच्या ऐपतीबाहेरची होती, म्हणून ती ख्रिस्ताने केली. त्यांच्यानंतरच्या पिढीतले अबेलार्ड म्हणाले की वधस्तंभावरचं प्रेम पाहून माणसाचं मन पालटतं, खरा परिणाम तो. सोळाव्या शतकातल्या प्रोटेस्टंट सुधारकांनी जोर दिला तो आपली शिक्षा त्याने आपल्या जागी भोगली, यावर.

महाराष्ट्राच्या खेड्यांत ही भाषा अगदीच परकी नव्हती. अनेक गावांत मरीआईला किंवा दसऱ्याला रेडा दिला जाई आणि तो कापायचं काम गावगाड्याने महारांवर टाकलेलं असे. नगर भागात मिशनकडे वळलेल्यांत महार आणि मांग समाजाचे लोक मोठ्या संख्येने होते. रक्त सांडून गावावरचं संकट टळतं ही कल्पना त्यांनी जवळून पाहिली होती. शेवटचा बळी देऊन झाला, आता कुणाला काही कापायचं नाही, या सांगण्याचा त्यांना लागलेला अर्थ आणि चित्पावन पंडिताच्या शाकाहारी घरात वाढलेल्या मुलीला लागलेला अर्थ एकच असणं कठीण.

मठातल्या पाहुणीचे प्रश्न

इंग्लंडमध्ये रमाबाई वॉन्टेजच्या सेंट मेरी मठात राहिल्या. सोबत आलेल्या आनंदीबाई भगत यांनी तिथे स्वतःचं आयुष्य संपवलं. त्या धक्क्यानंतर थोड्याच दिवसांनी, २९ सप्टेंबर १८८३ रोजी रमाबाई आणि मनोरमा यांचा बाप्तिस्मा झाला.

रमाबाईंना इथवर आणलं ते रक्ताच्या शिकवणीने नाही. वॉन्टेजच्या सिस्टर्स समाजाने टाकून दिलेल्या स्त्रियांसाठी आश्रयगृह चालवत. ते पाहून रमाबाई चकित झाल्या होत्या. अशा बायकांना शिक्षा आणि हाकलून देणं एवढंच त्यांनी आजवर पाहिलं होतं. योहानाच्या शुभवर्तमानातली शोमरोनी स्त्रीची गोष्ट त्यांना वाचून दाखवली गेली. विहिरीवर पाणी भरायला आलेली, पाच नवरे झालेली बाई, आणि तिच्याशी आदराने बोलणारा येशू. रमाबाईंना हा येशू पटला.

बाकीचं मात्र सगळं पटलं नाही. पुढे त्या चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात शिकायला आणि संस्कृत शिकवायला गेल्या. त्या काळात सिस्टर जेराल्डिन आणि प्राचार्या डोरोथिया बील यांच्याशी त्यांचा जो पत्रव्यवहार झाला, तो वाचणाऱ्याला एखाद्या शास्त्रार्थाची आठवण व्हावी. त्रैक्य म्हणजे काय? येशू देव कसा? चमत्कार का मानायचे? चर्च सांगतं म्हणून मानायचं, तर मग शास्त्री सांगतात म्हणून मानणं का सोडलं? त्यांनी शाकाहार सोडला नाही. गळ्यात घालायच्या क्रॉसवर लॅटिन अक्षरं का, आपल्याला न कळणाऱ्या भाषेतली अक्षरं का मिरवायची, तिथे संस्कृत का नको, यावरही त्या अडून बसल्या.

सिस्टर जेराल्डिन यांना हा अहंकार वाटला. त्या मठाच्या पंथात वेदीवरच्या प्रभुभोजनाला, म्हणजे ख्रिस्ताचं शरीर आणि रक्त म्हणून घेतल्या जाणाऱ्या भाकरी आणि द्राक्षारसाला, फार मोठं स्थान होतं. श्रद्धेने वाकायचं आणि घ्यायचं, अशी त्यांची अपेक्षा. रमाबाईंनी मात्र एका पुरोहितवर्गाच्या हातून सुटून दुसऱ्याच्या हाती जायला सरळ नकार दिला होता. यात त्यांचं चुकलं असं आज म्हणणं अवघड आहे. ज्या लोकांच्या घरात आणि खर्चाने आपण राहतो त्यांच्याशीच हा वाद घालायला किती धीर लागत असेल, हेही बघायला हवं.

१८९१: एका पुस्तकाने काय केलं?

१८८६ ते १८८८ रमाबाई अमेरिकेत होत्या. तिथे त्यांचं 'द हाय कास्ट हिंदू वुमन' गाजलं, मदत उभी राहिली. परत येऊन ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत शारदा सदन सुरू केलं आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला हलवलं. काम जोरात होतं. पण आतून त्यांना काहीतरी रिकामं वाटत होतं. त्यांनी पुढे स्वतःच लिहून ठेवलं की आपल्याला ख्रिस्ताचा धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता.

याच सुमाराला त्यांच्या वाचनात विल्यम हॅस्लम या इंग्लिश पाद्र्याचं आत्मचरित्र आलं. हॅस्लम यांची गोष्ट गमतीची आहे. कॉर्नवॉलमध्ये कितीतरी वर्षं ते पाद्री म्हणून काम करत होते आणि १८५१ मध्ये एका रविवारी प्रवचन देता देता त्यांच्याच लक्षात आलं, की आपण जे सांगतोय त्यावर आपला अजून विश्वासच बसलेला नाही. आपल्याच प्रवचनाने त्यांचं मन पालटलं. रमाबाईंना त्यात स्वतःचा चेहरा दिसला.

त्या पुन्हा बायबलकडे वळल्या. १८९१ च्या सुमारास त्यांना जे उमगलं ते त्यांनी १९०७ मध्ये आपल्या साक्षीत मांडलं. थोडक्यात असं: पापाचं ओझं आपण कोणत्याही कर्माने फेडू शकत नाही, ते ख्रिस्ताने स्वतःचा जीव देऊन फेडलं आहे आणि क्षमा फुकट मिळते. त्यासाठी पुण्य साठवावं लागत नाही आणि कोण्या जातीत किंवा पुरुषाच्या जन्माला यावं लागत नाही.

शेवटचा मुद्दा त्यांच्यासाठी सर्वांत मोठा होता. शास्त्रं वाचून त्यांचा निष्कर्ष झाला होता की स्त्रीला आणि शूद्राला या जन्मात मोक्षाची वाट नाही, चांगली कर्मं करून पुढच्या जन्माची वाट पाहायची. (यावर हिंदू परंपरेत दुसरी उत्तरंही आहेत. वारकरी संतांचं उत्तर अगदी वेगळं होतं. पण रमाबाईंचा अनुभव शास्त्री घरातला होता.) चेल्टनहॅमच्या वादांत रक्त आणि बलिदान हे तर्काचे विषय होते. आता त्यांचा संबंध त्या दुष्काळी वाटेवर मेलेल्या आई-वडिलांशी लागला. ज्यांनी देत देत जीव संपवला, त्यांची ही मुलगी. देणं दुसऱ्या कुणीतरी दिलं आहे आणि खातं बंद झालं आहे, हे तिला मोकळं करणारं वाटलं, यात नवल नाही.

त्याच पुण्यात, तोच शब्द

मराठी ख्रिस्ती लोक या सगळ्यासाठी जो शब्द वापरतात तो 'प्रायश्चित्त'. १८९० च्या दशकात पुण्यात हा शब्द सगळ्यांच्याच तोंडी होता, पण भलत्याच कारणाने. १८९० मध्ये पंचहौद मिशनच्या एका कार्यक्रमात न्यायमूर्ती रानडे, बाळ गंगाधर टिळक आणि इतर मंडळींनी मिशनऱ्यांकडे चहा घेतला, निदान कप हातात घेतला. गोपाळराव जोशी यांनी नावं फोडली आणि गहजब झाला. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं. रानड्यांना अखेर प्रायश्चित्त घ्यावं लागलं. चहाच्या एका कपासाठी!

रमाबाईंची नवी खात्री याच शहरात त्यांना महागात पडली. शारदा सदनात धर्मांतराचा आग्रह नसेल, हे ठरलेलं होतं. पण रमाबाई स्वतःच्या खोलीत प्रार्थना करत तेव्हा दार उघडं असे आणि काही मुली येऊन बसू लागल्या. 'केसरी'ने टीकेची झोड उठवली. १८९३ मध्ये रानडे आणि रा. गो. भांडारकर यांनी सल्लागार समितीचा राजीनामा दिला, पालकांनी अनेक मुली काढून नेल्या. रमाबाईंचं म्हणणं, माझी प्रार्थना मी लपवणार नाही. विरोधकांचं म्हणणं, आश्रयाला आलेल्या कोवळ्या मुलींसमोर उघडं दार हाही एक आग्रहच. दोन्ही बाजूंत तथ्य होतं आणि तो वाद आजही मिटलेला नाही.

केडगाव

१८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो उपाशी मुली, विधवा घेऊन आल्या. पुण्यात प्लेग होता, तिथे एवढ्यांना ठेवता येईना. केडगावला घेतलेल्या शेतजमिनीवर 'मुक्ती' उभं राहिलं. १९०० च्या दुष्काळात गुजरातेतून मुली आल्या. तेव्हा सदनातल्या माणसांची संख्या दोन हजारांच्या आसपास पोहोचली. शेती, विणकाम, गोठा, छापखाना, अंधांसाठी शिक्षण, सगळं तिथेच.

दुष्काळात या मुली जशा दिसल्या तशाच एकेकाळी रमाबाई स्वतः होत्या, म्हणून त्यांना पाहून गप्प बसणं शक्य नव्हतं, हे त्यांनी तेव्हा लिहून ठेवलं. क्षमा फुकट आहे म्हटल्यावर माणूस हातपाय हलवायचं सोडेल, असा आक्षेप या शिकवणीवर जुना आहे. रमाबाईंच्या बाबतीत उलट झालं. १९०५ मध्ये मुक्तीत मोठी धार्मिक जागृती झाली. मुली तासन्‌तास रडत, मोठ्याने पापं कबूल करत प्रार्थना करू लागल्या. बाहेरच्यांना ते विचित्र वाटलं, काही मिशनऱ्यांनाही.

आयुष्याची शेवटची वर्षं रमाबाईंनी बायबलच्या भाषांतराला दिली. त्यासाठी त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. आधीचं मराठी बायबल संस्कृतप्रचुर आहे आणि मुक्तीतल्या खेड्यातून आलेल्या बायकांना ते समजत नाही, अशी त्यांची तक्रार होती. दुसरी अडचण त्याहून नाजूक. जुन्या शब्दांबरोबर जुने अर्थ येतात. 'यज्ञ' म्हटलं की वेदातला होम डोळ्यांपुढे येतो, 'प्रायश्चित्त' म्हटलं की पंचगव्य आणि दक्षिणा. जी गोष्ट स्वतःला कळायला इतकी वर्षं लागली, ती एका निरक्षर मुलीला पहिल्या वाचनात कळावी, यासाठी साधे शब्द शोधणं हे 'सरस्वती' पदवी मिळवलेल्या विदुषीचं शेवटचं काम ठरलं.

मजकूर मुक्तीच्याच छापखान्यात जुळवला जात होता. खिळे जुळवणाऱ्या हातांत दुष्काळातून आणलेल्या मुलीही होत्या. २४ जुलै १९२१ रोजी मनोरमा गेली. रमाबाई मुद्रितं तपासत राहिल्या. ५ एप्रिल १९२२ रोजी पहाटे केडगावलाच त्यांचं निधन झालं. त्या वर्षीचा गुड फ्रायडे ९ दिवसांवर होता. संपूर्ण मराठी बायबल छापून बाहेर आलं १९२४ मध्ये.